इंटेल, एएमडी का एनव्हिडिया: पीसी असेंबल करताना निवड कशी करायची

प्रोसेसर इंटेलचा घेऊ का एएमडीचा, आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचंच लागतं का एएमडीचं चालेल, हे दोन प्रश्न मला सगळ्यात जास्त येतात आणि मी त्याला एका शब्दात उत्तर देत नाही. कारण दुकानात कंपनी विकत मिळत नाही, एक ठराविक चिप मिळते, त्या दिवशीच्या भावात, आणि तिच्यासोबत मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो), रॅम, कूलर, पॉवर सप्लाय हे सगळं आपोआप ठरत जातं. एका पिढीत पुढे असलेली कंपनी पुढच्या पिढीत मागे पडते, भाव दोन-तीन हजारांनी हलला की कालचं उत्तर आज चुकीचं होतं. म्हणून निवडायचं कसं तेवढं शिकून घ्या, नवीन चिपा आल्या तरी ते कामाला येईल.

सुरुवात मॉनिटरपासून करा. हो, मॉनिटरपासून, प्रोसेसरपासून नाही. १०८०पी स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख, म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट. पिक्सेल वाढले की सगळा बोजा ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण गेममधली माणसं कुठे आहेत, गोळी कुठे लागली, हे हिशोब स्क्रीन लहान असो की मोठी तेवढेच करावे लागतात. म्हणून १०८०पी वर २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेऊन व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ खेळणाऱ्याने पैसा प्रोसेसरकडे वळवायचा, आणि ४के वर निवांत स्टोरी गेम खेळणाऱ्याने कार्डाकडे. आणि घरी ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर आहे आणि तो बदलायचा विचार नाही, तर महागातलं कार्ड घेऊन तुम्हाला फारसं काही दिसणारच नाही, त्यातले थोडे पैसे काढून आधी मॉनिटर बदला असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीचा पीसी असेल तर अंदाज बांधत बसायची गरज नाही. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, आणि नेहमीचा गेम खेळताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. ९५ ते ९९ च्या आसपास असेल तर कार्ड पूर्ण दमलंय, नवीन कार्डाचा फायदा होईल. तो ६०-७० वर घुटमळत असेल आणि फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला बनणाऱ्या चित्रांवर, कुठली मर्यादाही लावलेली नसेल तर कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम त्याला पुरेसं काम देत नाहीये. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतोय म्हणजे तो मोकळा आहे असं नसतं, आठ कोअरमधला (कोअर म्हणजे चिपेतला स्वतंत्र काम करणारा भाग) एकच कोअर पूर्ण भरलेला असला तरी गेम तिथेच अडतो. म्हणून कार्डाचा आकडा बघून निष्कर्ष काढा.

आता प्रोसेसर. पहिलं काम म्हणजे इंटेलचे आय५, आय७ आणि एएमडीचे रायझन ५, रायझन ७ ह्या आकड्यांवरचा विश्वास सोडा. जुना आय७ नव्या आय५ समोर सरळ हरतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण खरी फसगत होते ती शेवटच्या अक्षरांत. इंटेलमध्ये के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा, एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला. एफवाला थोडा स्वस्त पडतो आणि कार्ड घेणारच असाल तर चालतो, पण पहिल्यांदा पीसी बांधणाऱ्याला मी आतलं ग्राफिक्स असलेलाच घ्यायला सांगतो, कारण कार्ड बिघडलं आणि सर्व्हिसला गेलं तर निदान पीसी चालू राहतो आणि बिघाड नेमका कशात आहे तेही लगेच कळतं. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मध्ये बहुतेक चिपांत कामापुरतं ग्राफिक्स असतंच, ७५००एफ सारख्या एफवाल्या सोडून.

एएमडीच्या नावांत तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. रायझन ७ ५७००एक्स आणि रायझन ७ ५७०० ह्यांत फक्त एका अक्षराचा फरक दिसतो, पण ५७०० मध्ये एल३ कॅश (चिपेतलीच हाताशी असलेली मेमरी) निम्मी, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या रस्त्याची, पिढी ४ च्या जागी ३. रायझन ५ ५५०० आणि ५६०० मध्येपण हीच गोष्ट. ह्याचा फटका कार्डाला कसा बसतो ते बघा: एनव्हिडियाची आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं सोळा नाही तर आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयवर आठ लेन म्हणजे रस्ता अरुंद होतो, आणि त्यात ८ जीबीचं कार्ड असेल तर मेमरी भरली की त्या अरुंद रस्त्यावरून सारखी ये-जा सुरू होते आणि गेम अडखळायला लागतो. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, म्हणून बी४५० सारख्या जुन्या बोर्डात कार्ड टाकायचं असेल तर ते जास्त सोयीचं पडतं. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

एएमडीच्या शेवटी जी असलेल्या चिपा, म्हणजे ५६००जी, ८५००जी, ८६००जी, ह्यांत आतलं ग्राफिक्स चांगलं असतं आणि कार्ड न घेता हलके गेम चालतात. आत्ता बजेट नाही, कार्ड वर्षभराने टाकू, असं ठरवून बरेच विद्यार्थी हेच घेतात, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ८५००जी कार्डासाठी चारच लेन देते हे माहीत असू द्या. नंतर खरंच मोठं कार्ड टाकायचं असेल तर ८६००जी किंवा सरळ साधी सहा कोअरची चिप आणि एखादं सेकंडहँड कार्ड हा हिशोब करून बघा.

चिपेच्या भावाची तुलना कधीच एकटी करू नका. चिप, बोर्ड, रॅम आणि कूलर ह्या चौघांची बेरीज करायची आणि मगच दोन कंपन्या शेजारी ठेवायच्या. रायझन ५ ७६०० बरोबर खोक्यात कूलर येतो, ९६००एक्स बरोबर येत नाही, इंटेलच्या के चिपांबरोबरही येत नाही. के चिप घेऊन बी७६० बोर्ड घेतला तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, त्यासाठी झेड मालिकेचा महागडा बोर्ड लागतो, एएमडीत मात्र बी मालिकेच्या बोर्डावरही ते करता येतं. पुढचा मुद्दा सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेचा. एएमडीचं एएम४ किती टिकलं हे सगळ्यांनी पाहिलंय, २०१८ मध्ये घेतलेल्या बी४५० बोर्डात बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ मध्ये आलेली ५८००एक्स३डी बसली, बोर्ड तोच, रॅम तीच आणि पीसी जवळजवळ नवा. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्यावर ७०००, ८००० आणि ९००० मालिका आल्या आणि २०२७ पर्यंत तरी ते चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२वी, १३वी, १४वी अशा तीन पिढ्या बसतात, पण तो सॉकेट आता संपला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० साठी एलजीए १८५१ आला म्हणजे नवीन बोर्ड आला.

पण हा सॉकेटचा फायदा खरंच वापरणार का, हे स्वतःला विचारा. तुम्ही दर तीन वर्षांनी प्रोसेसर बदलणारे असाल तर एएम५ ला तोड नाही. सात वर्षं पीसीला हात न लावणारे असाल, घरात एकदा पीसी आला की मुलगी बारावी होईपर्यंत तोच चालणार असेल, तर सॉकेटचं भवितव्य तुमच्या कामाचं नाही, आजच्या भावात आज काय जास्त मिळतंय ते बघा.

रॅममुळे हे गणित अजून फिरलंय. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढले कारण एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरीचा माल वळला, आणि एएम५ व एलजीए १८५१ दोन्हीत डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. एलजीए १७०० मध्ये डीडीआर४ चे बोर्ड मिळतात आणि एएम४ तर पूर्ण डीडीआर४ वरच चालतं. घरात आधीच १६ किंवा ३२ जीबी डीडीआर४ पडून असेल तर एएमडीची ५७००एक्स किंवा इंटेलची १२४००एफ सारखी चिप घेऊन वाचलेले पैसे कार्डात घालणं ही आजही शहाणपणाची खरेदी आहे, जुनं म्हणून नाक मुरडू नका. एएम५ घेतलंत तर डीडीआर५ ६००० च्या दोन काड्या घ्या, चार काड्या टाकल्या की वेग खाली आणावा लागतो.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे कारण सेकंडहँड बाजारात त्या भरपूर दिसतात. त्यातल्या वरच्या चिपांत, मुख्यतः आय७ आणि आय९ मध्ये, जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होऊन गेम आणि सॉफ्टवेअर क्रॅश व्हायचे. इंटेलने ते मान्य केलं, २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून चिपेला मिळणाऱ्या दुरुस्त्या) दिले आणि खोक्यातल्या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. त्यामुळे नवीन खोकाबंद घेऊन पहिल्याच दिवशी बायोस अपडेट केलात तर हरकत नाही, पण वापरलेला १३९००के किंवा १४७००के, आधी कुठल्या बायोसवर किती चालला ते माहीत नसताना, मी तरी कोणाला घेऊ देणार नाही. १२व्या पिढीला ही अडचण नाही, १२४००एफ बिनधास्त घ्या.

एएमडीच्या एक्स३डी चिपांचा एवढा गवगवा का आहे तेही समजून घ्या. प्रोसेसरला लागणारा डेटा रॅममधून आणायला वेळ लागतो म्हणून थोडा डेटा चिपेतच कॅशमध्ये ठेवतात, जसा मसाल्याचा डबा ओट्यावर हाताशी असतो आणि साठवणीचं सगळं आत फडताळात. एक्स३डी मध्ये नेहमीच्या ३२ एमबी कॅशला अजून ६४ एमबीचा थर जोडून हा डबाच तिप्पट केलाय, म्हणून ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी होते. गेम ह्यावर सुसाट चालतात, विशेषतः फ्लाइट सिम्युलेटर, स्ट्रॅटेजी गेम आणि ऑनलाइन स्पर्धेचे गेम, आणि शुद्ध गेमिंगमध्ये आज इंटेलकडे ह्याला उत्तर नाही. पण व्हिडिओ एक्सपोर्ट, कोड कंपाइल, रेंडर ह्यांत त्या जादा कॅशचा उपयोग फार थोडा, तिथे कोअर मोजायचे. आणि ४के वर खेळणाऱ्याला ९६००एक्स आणि ९८००एक्स३डी मधला फरक बऱ्याच गेममध्ये जाणवणारसुद्धा नाही, तेवढ्या पैशात कार्ड एक पायरी वरचं येतं, तिकडे घाला.

कामासाठी पीसी बांधणाऱ्यांनी मात्र इंटेलला उगाच बाद करू नये. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये ८ मोठे आणि १२ छोटे असे २० कोअर आहेत, गेममध्ये तो एक्स३डी च्या मागे राहतो पण एडिटिंग आणि रेंडरच्या कामाला दणकट आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी तर एक गोष्ट निर्णायक आहे आणि ती फार कमी दुकानदार सांगतात. सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ सारखे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, शूट करतात, आणि हे एचईव्हीसी (व्हिडिओ लहान करून साठवायची पद्धत) फुटेज हार्डवेअरवर उघडायची सोय, जिला क्विक सिंक म्हणतात, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये बऱ्याच पिढ्यांपासून आहे. एएमडीच्या रेडिऑनमध्ये ती नाही, आणि एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली, आरटीएक्स ४० मध्ये नव्हती. म्हणजे रायझन आणि आरटीएक्स ४०७० अशी तगडी जोडी घेऊनसुद्धा टाइमलाइन अडखळू शकते आणि त्याच्या निम्म्या ताकदीचा इंटेल सरसर चालतो. मार्च ते मे लग्नसराईत रोज रात्री एडिटला बसणाऱ्या माणसाला हा फरक बेंचमार्कच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. त्याने इंटेल एफ नसलेला घ्यावा किंवा आरटीएक्स ५० चं कार्ड घ्यावं, दोन्ही असलं तर उत्तम.

आता कार्ड, इथे पैसा सगळ्यात जास्त जातो आणि भांडणंही सगळ्यात जास्त होतात. पहिला आकडा बघायचा तो व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, चिप तीच, नाव तेच. अमेरिकेत जाहीर झालेले भाव बघितले तर ५०६० टीआय ८ जीबी ३७९ डॉलर, १६ जीबी ४२९, आणि ९०६० एक्सटी ८ जीबी २९९, १६ जीबी ३४९, म्हणजे दोन्हीकडे फरक ५० डॉलरचाच. आपल्याकडे भाव वेगळे आणि रोज हलते असतात पण तत्त्व तेच: नवीन गेम १४४०पी वर, टेक्स्चर वर ठेवून खेळायचे असतील तर ८ जीबीचं कार्ड घेऊ नका. ऑनलाइन लिस्टिंगमध्ये आणि बिलावरसुद्धा १६ जीबी लिहिलंय का ते वाचा. फक्त व्हॅलोरंट, डोटा, जुने गेम १०८०पी वर एवढंच असेल तर ८ जीबी अजून चालतं, त्यात कमीपणा मानू नका.

साध्या ताकदीत एएमडी आणि एनव्हिडिया आता एकमेकांच्या फार जवळ आहेत. आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला जाहीर झालं आणि आरटीएक्स ५०७० टीआय ७४९ ला, दोन्ही १६ जीबी, साध्या गेममध्ये फरक थोडा, पण रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या मोजणं) जोरात असलेल्या गेममध्ये, विशेषतः पाथ ट्रेसिंग ह्या त्याच्या सगळ्यात जड रूपात, एनव्हिडिया स्पष्ट पुढे जातं. मग प्रश्न एवढाच की तुम्ही असे गेम खरंच खेळता का. अपस्केलिंगमध्ये, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र बनवून ते मोठं करून दाखवण्यात, एनव्हिडियाचं डीएलएसएस जास्त गेममध्ये आहे आणि त्याचं नवं मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं, ही गोष्ट मला मनापासून आवडली. एएमडीचं एफएसआर ४ चित्राच्या दर्जात खूप सुधारलंय पण ते ९००० मालिकेसाठी आणलेलं आहे, जुनं ७००० मालिकेचं कार्ड स्वस्तात घेताना हे विसरू नका. फ्रेम जनरेशनच्या जाहिरातीतले चौपट आकडे मात्र तुलनेत धरूच नका. मधल्या फ्रेम बनवून घातलेल्या असतात, चित्र गुळगुळीत दिसतं पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमचाच असतो, मूळ ३० असेल तर हाताला ३० च लागतात.

गेम सोडून दुसरं काम असेल तर निवड बरीच सोपी होते. ब्लेंडरमध्ये रेंडर करता, पायटॉर्चवर मॉडेल ट्रेन करता, इंजिनिअरिंगला मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट आहे, तर एनव्हिडिया घ्या. कार्डावर असे प्रोग्राम चालवायची एनव्हिडियाची सोय, कूडा, २००७ पासून आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअर आधी त्याच्यावर लिहिलं जातं, एएमडीचं तसंच आरओसीएम सुधारतंय पण सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रायव्हरशी झटापट करायची वेळ कोणावर येऊ नये. घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर वेगापेक्षा व्हीरॅम आधी बघा, म्हणूनच जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबी अजून लोक शोधून घेतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी चित्र उलटं आहे, एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, कार्ड लावलं की चालतं.

तिसरा पर्याय इंटेल आर्क. बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबीसह २४९ डॉलरला आलं आणि त्या भावात तेवढी मेमरी दुसरं कोणी देत नव्हतं. पण दोन अटी आहेत. बोर्डात रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू हवा, नाहीतर फ्रेम धाडकन पडतात, आणि प्रोसेसर बऱ्यापैकी नवा हवा, रायझन ५ २६०० सारख्या जुन्या चिपेवर हे कार्ड त्याच्या ताकदीला पोचत नाही. म्हणजे जुन्या पीसीत स्वस्त अपग्रेड म्हणून घ्यायचं हे कार्ड नाही, नवीन बजेट पीसीत घ्यायचं आहे.

रिव्ह्यू बघताना एक सवय लावून घ्या. कार्डांच्या रिव्ह्यूत प्रोसेसर सगळ्यात वरचा लावलेला असतो आणि प्रोसेसरच्या रिव्ह्यूत कार्ड सगळ्यात वरचं, कारण त्यांना एकाच गोष्टीची ताकद मोजायची असते. तुमच्या १२४००एफ वर तेवढे फ्रेम येतीलच असं नाही. सोपा उपाय असा की तुमचाच गेम शोधा, प्रोसेसरच्या रिव्ह्यूत तुमची चिप १०८०पी वर किती देते ते लिहा, कार्डाच्या रिव्ह्यूत तुमचं कार्ड तुमच्या रेझोल्यूशनवर किती देतं ते लिहा, दोघांतला लहान आकडा साधारण तुमच्या वाट्याला येईल. सेटिंग दोन्हीकडे सारखी असली पाहिजे. आणि सरासरीबरोबर १ टक्का लो हा आकडा, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग, बघा, सरासरी १२० आणि लो ४५ असेल तर गेम अडखळत राहणार, त्यापेक्षा १०० आणि ७५ वालं परवडलं.

मग भाव ÷ फ्रेम काढा, पण पूर्ण पीसीचा. समजा एक कार्ड ३६,००० चं आणि ९० फ्रेम देतंय, दुसरं ४२,००० चं आणि १०० फ्रेम. नुसत्या कार्डाचा हिशोब केला तर पहिलं ४०० रुपये फ्रेम, दुसरं ४२०, म्हणजे पहिलं स्वस्त. पण बाकीच्या पीसीला ६०,००० लागणारच असतील तर पहिल्याचे ९६,००० ÷ ९० म्हणजे साधारण १,०६७ आणि दुसऱ्याचे १,०२,००० ÷ १०० म्हणजे १,०२०, आता दुसरं स्वस्त झालं. पूर्ण नवीन पीसी बांधताना थोडं वरचं कार्ड बऱ्याचदा परवडतं आणि जुन्या पीसीत नुसतं कार्ड बदलताना नाही, ते ह्याच कारणाने.

वीज आणि उष्णता ह्या दोन गोष्टी परदेशातल्या रिव्ह्यूत नीट कळत नाहीत कारण त्यांची खोली २१-२२ डिग्रीची असते आणि नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ असतं. इंटेलचा १४९००के पूर्ण लोडवर २५३ वॉटपर्यंत ओढतो, त्याला मोठा लिक्विड कूलर लागतो आणि ती सगळी उष्णता तुमच्याच खोलीत येते. एसी नसलेल्या खोलीत बसणाऱ्याने ६५ वॉटच्या चिपा आणि ९०७० एक्सटी ऐवजी साधं ९०७० असा विचार जरूर करावा, पहिलं ३०४ वॉटचं आहे आणि दुसरं २२० चं. बिलाचा हिशोब सोपा आहे, १०० वॉटचा फरक आणि दिवसाला पाच तास वापर म्हणजे महिन्याला १५ युनिट. पॉवर सप्लायवर काटकसर करू नका, एनव्हिडिया ५०७० ला ६५० वॉट सांगते, ९०७० एक्सटी ला ७५० धरा, आणि तो नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाण्याचा दर्जा) तरी असावा. जिथे लाइट सारखी जाते-येते तिथे यूपीएस हवाच, आणि घेताना तो ह्या पॉवर सप्लायबरोबर चालतो का ते विचारा, काही स्वस्त यूपीएस लाइट गेली की अशा पीसीला सांभाळू शकत नाहीत आणि पीसी बंदच होतो.

वॉरंटीमुळे कितीतरी वेळा माझी निवड बदललीय. चिप एएमडीची असो की एनव्हिडियाची, एकाच मॉडेलच्या सगळ्या कार्डांत ती तीच असते, कार्ड बनवणारी कंपनी वेगळी असते. सॅफायर, पॉवरकलर फक्त एएमडीची कार्डं करतात, झोटॅक एनव्हिडियाची, असूस, एमएसआय, गिगाबाइट वेगवेगळ्या चिपांची करत आलेत. खरेदीच्या आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात किंवा जवळपास कुठे आहे, आणि कार्ड दुकानातून जातं का कुरियरने पाठवावं लागतं हे विचारा. सोलापूर-लातूरच्या माणसाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन हजार वाचवून आणलेलं कार्ड बिघडलं की परत मुंबईलाच न्यावं लागणार असेल तर ते वाचलेले पैसे तिकिटात जातात. प्रोसेसर खोकाबंद घ्या, ट्रेमधला, म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकलेला, स्वस्त मिळतो पण त्याची वॉरंटी कंपनी थेट देत नाही, दुकानदारावर अवलंबून राहावं लागतं. अमेरिकेतला दादा किंवा मावशी येताना कार्ड आणणार असेल तर आधी त्या कंपनीचे नियम वाचा, बरीच कार्डं ज्या देशात घेतली तिथेच वॉरंटीत बसतात. आणि बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी टोचतो खरा पण सिरियल नंबर असलेल्या बिलाशिवाय वॉरंटीचं काही खरं नाही, आणि व्यवसायासाठी जीएसटी नंबरवर घेतलं तर तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळवताही येतो.

आज मला कोणी विचारलं तर मी साधारण असं सांगेन. १०८०पी वर खेळणारा कॉलेजचा विद्यार्थी, रॅम आधीची डीडीआर४: १२४००एफ किंवा ५७००एक्स, जे बोर्डासकट स्वस्त पडेल ते, आणि ९०६० एक्सटी १६ जीबी. त्यालाच मशीन लर्निंग करायचं असेल तर कार्ड बदलून ५०६० टीआय १६ जीबी. १४४०पी वर भरपूर खेळणारा आणि पुढे अपग्रेड करणारा: एएम५ वर ७६०० किंवा ९६००एक्स आणि ९०७० एक्सटी, आणि रे ट्रेसिंगची खरी आवड असेल व भावातला फरक झेपत असेल तर ५०७० टीआय. स्पर्धेत उतरणारा: ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी, कार्ड मधलं चालेल. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा: २६५के, ३२ जीबी रॅम तरी, आणि ५०७०.

पीसी उभा राहिला की पहिल्याच आठवड्यात, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत, एवढं तपासा. बायोस नवीन करा, एएम५ चा जुना बी६५० बोर्ड घेतला असेल तर ९००० ची चिप अपडेटशिवाय सुरूच होत नाही, म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं (चिप सुरू नसतानाही बायोस बदलता येणारं) बटण असलेला बोर्ड घ्या किंवा दुकानातूनच करून घ्या. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा, नाहीतर महागातली रॅम कमी वेगाने चालत राहते. रिसाइझेबल बार चालू आहे ना ते बघा. मॉनिटरची वायर बोर्डात नाही तर कार्डात लावा, आणि विंडोजमध्ये जाऊन १४४ किंवा २४० हर्ट्झ निवडा, कारण ते आपोआप लागतंच असं नाही. मग नेहमीचा गेम किंवा नेहमीचा प्रोजेक्ट सलग तासभर चालवा, तापमान आणि फ्रेम लिहून ठेवा, रिव्ह्यूतल्या आकड्यांशी ताडून बघा, आणि फार मोठी तफावत दिसली तर बिल घेऊन लगेच दुकान गाठा.